घरच्या बागेसाठी ग्रास ट्रिमर घेताय? आधी अंगण मोजा, मग दुकानात जा

उज्जैन : महाकाल मंदिराच्या वरच्या मजल्यावरचे नागचंद्रेश्वराचे दार वर्षातून एकदाच, नागपंचमीला उघडते. शहरातल्या अंगणांमधले गवतही नेमके त्याच सुमाराला कमरेला लागलेले असते. जूनच्या शेवटी पाऊस लागतो, माळव्याची काळी माती पाणी धरून ठेवते आणि महिनाभरात घराभोवतीची मोकळी जागा ओळखू येत नाही. पूर्वी माळी विळा घेऊन यायचा आणि दोन दिवसांत अंगण मोकळे करून जायचा. आता माणूस वेळेवर मिळत नाही. मुले नोकरीनिमित्त इंदूर, पुणे, बंगळुरूला, आणि घरी राहिलेले साठी-सत्तरीचे आई-वडील. वाकून विळा चालवणे त्यांना जमत नाही. मग घरात विषय निघतो : "एखादी गवत कापायची मशीन घेऊन टाकू."

१८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी उज्जैनहून ग्वाल्हेरला नेली, तरी इथली मराठी घरे इथेच राहिली. जुन्या शहरातल्या वाड्यांना फरसबंद चौक होते, तिथे गवताचा प्रश्नच नव्हता. फ्रीगंज, ऋषीनगर, सेठी नगर, महानंदा नगर, नानाखेडा या भागांत स्वतंत्र प्लॉटवर घरे झाली आणि घराभोवती माती आली. माती आली की गवत आलेच. मशीन घ्यायची तर कोणती, किती ताकदीची आणि ती चालवणार कोण, याचा हा सविस्तर आढावा. उदाहरणे उज्जैनची असली तरी हिशेब बेळगाव, बुऱ्हाणपूर, नागपूर किंवा पणजीच्या वाचकालाही लागू पडेल.

थोडक्यात

• घराभोवती हजार चौरस फुटांपर्यंत मोकळी जागा आणि मऊ गवत असेल तर विजेवर चालणारा वायरचा ट्रिमर पुरेसा आहे.
• प्लगपासून लांब, कोपऱ्याकोपऱ्याची जागा असेल किंवा चालवणारे ज्येष्ठ असतील तर बॅटरीवरचा घ्या.
• मोठा प्लॉट, झुडपे, जाड देठांचे तण असेल तरच पेट्रोलचा ब्रश कटर घ्या.
• वर्षात पाच-सहा वेळाच काम असेल तर माणसाला बोलावणे हाही चुकीचा पर्याय नाही. खालचा हिशेब बघा.
• चष्मा आणि बूट हे मशीनच्या किमतीतच धरा. ते नसतील तर मशीन घेऊ नका.

ट्रिमर म्हणजे नेमके काय?

दुकानात सगळ्यांनाच 'घास काटने की मशीन' म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. यंत्रे चार आहेत आणि चौघांची कामे वेगळी आहेत.

लॉन मोअर : चाकांवर ढकलायचे यंत्र. सपाट हिरवळ एकसारख्या उंचीवर कापते. भिंतीलगत, झाडाखाली, उतारावर चालत नाही.

ग्रास ट्रिमर : लांब दांडा, टोकाला फिरते डोके, डोक्यातून बाहेर आलेली नायलॉनची दोरी. कडा, कोपरे, कुंपणाखालचे गवत, पायवाटेच्या दोन्ही बाजू हे याचे काम.

ब्रश कटर : ट्रिमरचाच थोरला भाऊ. दांडा सरळ आणि मजबूत, दोरीच्या जागी लोखंडी पाते बसते, खांद्याला पट्टा असतो.

हेज ट्रिमर : मेंदी किंवा दुरांट्याचे कुंपण छाटण्यासाठी. याने जमिनीवरचे गवत कापता येत नाही.

नायलॉनच्या दोरीने गवत कापण्याची कल्पना अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातल्या जॉर्ज बॅलस यांची. १९७१ साली मोटार धुण्याच्या केंद्रातले गरगर फिरणारे ब्रश बघून त्यांना ती सुचली. रिकाम्या डब्याला भोके पाडून त्यात मासेमारीची दोरी ओवली आणि डबा फिरवला, हा पहिला नमुना. तत्त्व आजही तेच आहे : दोरी मऊ असते, पण जोरात फिरली की ताठ होते आणि गवताचा देठ तोडते. दगडावर आपटली तर दोरी झिजते, पाते मोडण्याचा प्रश्न येत नाही. म्हणूनच भिंतीलगतच्या कामाला ती सोयीची.

पहिली पायरी : अंगण मोजा

बहुतेक जण आधी मशीन बघतात आणि मग अंगणाचा विचार करतात. क्रम उलटा हवा.

४० बाय ६० फुटांचा, म्हणजे २४०० चौरस फुटांचा प्लॉट धरा. त्यात घर, गाडीची जागा, फरशी, पाण्याची टाकी वजा केली की माती उरते ती बहुधा ८०० ते १००० चौरस फूट. त्यातही सलग तुकडा एखादाच, बाकी भिंतीलगतच्या दोन-तीन फुटी पट्ट्या. एवढ्यासाठी ५२ सीसीचे पेट्रोलचे यंत्र म्हणजे भाजी चिरायला कुऱ्हाड.

टेप घेऊन चार गोष्टी कागदावर लिहा :

१. मातीची एकूण जागा किती चौरस फूट.
२. घरातल्या प्लगपासून सगळ्यात लांबचा कोपरा किती मीटर.
३. जमीन सपाट आहे, उताराची आहे की दगडगोट्यांची.
४. अंगणात लहान झाडे, ठिबकच्या नळ्या, जमिनीलगतच्या वायरी कुठे आहेत.

हा कागद घेऊन दुकानात गेलात तर विक्रेता आपोआप मुद्द्यावर येतो.

दुसरी पायरी : गवत कोणते आहे ते बघा

हरळी (दूर्वा) : हिंदीत दूब. मऊ, जमिनीलगत पसरणारी. कुठल्याही ट्रिमरने कापली जाते. मात्र भाद्रपदात गणपतीला एकवीस दूर्वांची जुडी लागते, श्रावणात मंगळागौरीला पत्री लागते. त्यामुळे अंगणाचा एक कोपरा आधीच दोरी बांधून राखून ठेवा. मशीन एकदा फिरली की तिला दूर्वा आणि तण यातला फरक कळत नाही.

लव्हाळा (मोथा) : वरून कितीही कापा, जमिनीखालच्या गाठींतून पुन्हा उगवतो. ट्रिमरने तो फक्त बुटका होतो. त्याला खुरप्याने गाठीसकट काढावे लागते.

गाजर गवत : याला काँग्रेस गवतही म्हणतात. भारतात ते पहिल्यांदा १९५५ च्या सुमारास पुण्यात नोंदवले गेले, आज कोणत्याही राज्यातल्या रिकाम्या प्लॉटवर दिसते. याच्या स्पर्शाने अनेकांना अंगावर खाज व पुरळ येते, परागकणांनी दम्याचा त्रास वाढतो. फुलावर आलेल्या गाजर गवतात ट्रिमर घालणे म्हणजे त्याचा रस, पराग आणि बी अंगावर आणि अंगणभर उडवून घेणे. हे गवत फुले येण्याआधी, पावसानंतर माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. घरात दम्याचा रुग्ण असेल तर ते काम त्याच्याकडे देऊ नये.

जाड देठाचे तण, रानतुळस, घाणेरी, एरंडाची रोपटी : नायलॉनच्या दोरीला हे दाद देत नाही. पाते लागते, किंवा सरळ कोयता.

तीन प्रकार, तीन स्वभाव

वायरचा ट्रिमर

घरच्या विजेवर चालतो. ताकद साधारण ३०० ते १००० वॅट. वजन कमी, आवाज कमी, देखभाल जवळजवळ नाही. विजेचा खर्च नगण्य : ५०० वॅटचा ट्रिमर अर्धा तास चालवला तर पाव युनिट वीज लागते.

अडचण वायरची. दहा-पंधरा मीटरपर्यंत ठीक, त्यापुढे वायर झाडांत अडकते, पायात येते. एक्स्टेन्शन घ्यायचे तर तीन तारांचे, तांब्याचे, १.५ चौरस मिलिमीटर जाडीचे घ्या. टेबल फॅनची पातळ वायर जोडून चालवू नका, ती तापते आणि मोटरही कमी दाबावर चालून जळते. गवत ओले असेल तर वायरचा ट्रिमर बाहेर काढायचाच नाही. पावसाळ्यात दोन दिवस उघडीप मिळेपर्यंत थांबावे लागते, ही त्याची मोठी मर्यादा. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर मशीन घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून तो बसवून घ्या. चुकून वायर कापली गेली तर जीव वाचवणारी वस्तू ती आहे.

बॅटरीचा ट्रिमर

वायर नाही, धूर नाही, दोरी ओढून सुरू करण्याचा खटाटोप नाही. वजन दोन ते चार किलो. ज्येष्ठांसाठी आणि घरातल्या कोणालाही चालवता येईल असा हाच प्रकार. मर्यादा दोन : चालण्याचा वेळ आणि नव्या बॅटरीची किंमत.

पेट्रोलचा ब्रश कटर

ताकद भरपूर, कुठेही नेता येतो, पाते बसते. पण वजन साधारण साडेपाच ते नऊ किलो, आवाज कानाशी ९० डेसिबलच्या पुढे, आणि हाताला बसणारी थरथर वेगळीच. देशातल्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, हे रविवारी सकाळी सहाला मशीन सुरू करणाऱ्यांनी ध्यानात ठेवलेले बरे. शेजाऱ्यांशी संबंध गवतापेक्षा महाग असतात.

यातही दोन जाती. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल वेगळ्या जागी असते, मिसळायची कटकट नाही, धूर कमी, पण किंमत जास्त. होंडाचे ३५.८ सीसीचे जीएक्स ३५ हे इंजिन फोर-स्ट्रोकचे परिचित उदाहरण.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे?

व्होल्ट : १८ व्होल्ट, '२० व्होल्ट मॅक्स' आणि २१ व्होल्ट अशी तीन नावे दिसली तरी ती बहुतेक वेळा एकाच क्षमतेची बॅटरी असते. आत पाच सेल एका रांगेत असतात. सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरला तर १८, पूर्ण चार्ज असताना ४.२ धरला तर २१. तेव्हा २१ चा आकडा बघून जास्त पैसे देऊ नका. डब्यावर '४८', '८८' असे मोठाले आकडे आणि आत छोटीशी बॅटरी दिसली तर सावध व्हा.

अँपिअर-तास : खरी साठवण कळते ती व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकारातून. १८ गुणिले २ म्हणजे ३६ वॅट-तास. १८ गुणिले ४ म्हणजे ७२ वॅट-तास. ट्रिमर दाट गवतात सरासरी ३०० वॅट खात असेल तर पहिली बॅटरी जेमतेम सात मिनिटे चालेल, दुसरी साधारण चौदा. हलक्या गवतात वेळ वाढतो. अर्ध्या तासाचे काम असेल तर ४ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या लागतील, हे आधीच धरून चला. 'बॅटरी व चार्जर वेगळे' असे बारीक अक्षरात लिहिलेले असते, ते वाचूनच किमतीची तुलना करा.

ब्रशलेस मोटर : कार्बन ब्रश नसलेली मोटर. तापते कमी, बॅटरी जास्त पुरते, टिकते जास्त. परवडत असेल तर हीच घ्या.

सीसी : घरच्या बागेला २५ ते ३५ सीसी पुष्कळ. ४३ आणि ५२ सीसीची यंत्रे शेत आणि फळबागेसाठी आहेत.

कापणीचा व्यास : २५ ते ३० सेंटीमीटर घरासाठी पुरे.

दोरी की पाते?

दोरीची जाडी मशीनच्या ताकदीला जुळावी लागते. हलक्या विजेच्या आणि बॅटरीच्या ट्रिमरला १.२ ते १.६ मिलिमीटर, मध्यम यंत्राला २ ते २.४, मोठ्या ब्रश कटरला ३ मिलिमीटरच्या आसपास. जाड दोरी घातली की जास्त कापते असे वाटते, पण छोटी मोटर तिला ओढताना तापते आणि जळते. पुस्तिकेत दिलेलीच जाडी वापरा.

दोरी बाहेर येण्याच्या पद्धती तीन. डोके जमिनीवर हलकेच आपटले की दोरी सुटते ती 'टॅप अँड गो'. स्वतःहून सुटते ती ऑटोमॅटिक. आणि तुकडे कापून बसवायचे ते स्थिर डोके. घरासाठी पहिली पद्धत बरी. काही छोट्या बॅटरी मशीनमध्ये दोरीऐवजी प्लास्टिकची पाती येतात. ती स्वस्त वाटतात, पण भिंतीला लागली की तुटतात, म्हणून त्यांचे पाकीट गावात मिळते का ते आधी विचारा.

एक माळव्याची अडचण : एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पडून राहिलेली नायलॉनची दोरी ठिसूळ होते आणि पहिल्याच पावसाळी कामात तुटत राहते. उपाय सोपा आहे. वापरण्याआधी दोरीचे वेटोळे एक दिवस पाण्यात भिजवून ठेवा. नायलॉन पाणी शोषून पुन्हा लवचिक होते.

नायलॉन संपली म्हणून लोखंडी तार किंवा साखळी बांधणारे लोक आहेत. हे कदापि करू नका. तारेचा तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो.

पैशाचा हिशेब

आता खरा प्रश्न. खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत, आपल्या गावचे दर घालून हिशेब पुन्हा करा. जागा हजार चौरस फूट, वर्षाला सहा वेळा कापणी, काळ पाच वर्षे.

माणूस बोलावणे : प्रत्येक वेळी ५०० रुपये. वर्षाला ३,०००. पाच वर्षांत १५,००० रुपये.

वायरचा ट्रिमर : मशीन ४,०००, एक्स्टेन्शन १,२००, चष्मा-बूट १,०००, दोरी वर्षाला ३०० प्रमाणे १,५००. पाच वर्षांत ७,७०० रुपये.

बॅटरीचा ट्रिमर : मशीन ९,०००, चष्मा-बूट १,०००, दोरी १,५००, चौथ्या वर्षी नवी बॅटरी ३,५००. पाच वर्षांत १५,००० रुपये.

पेट्रोलचा : मशीन १२,०००, चष्मा-बूट १,०००, दोरी १,५००, पेट्रोल-ऑइल वर्षाला ८०० प्रमाणे ४,०००, सर्व्हिसिंग वर्षाला १,००० प्रमाणे ५,०००. पाच वर्षांत २३,५०० रुपये.

हिशेब काय सांगतो? वायरचा ट्रिमर सर्वात स्वस्त, पण सुके गवत आणि जवळचा प्लग या दोन अटींवर. बॅटरीचा ट्रिमर आणि माळी यांचा खर्च बरोबरीचा. म्हणजे तिथे निर्णय पैशावर होत नाही, माणूस वेळेवर मिळतो की नाही यावर होतो. माळी मिळत असेल, कामाचा असेल, आणि घरात चालवणारे कोणी नसेल, तर त्याला बोलावणे हाच शहाणपणा. पेट्रोलचे यंत्र छोट्या घराला कुठल्याच बाजूने परवडत नाही. चार-पाच घरांनी मिळून घेतले तर गोष्ट वेगळी, पण मग निगा कोणाकडे, हे आधी ठरवा. सामायिक मशीन सगळ्यांची असते आणि ऑइल कोणीच घालत नाही.

डोळे, पाय आणि साप

ट्रिमर खेळण्यासारखा दिसतो म्हणून लोक चपलेवर, बनियनवर चालवतात. एक साधा गुणाकार करून बघा. दोरीचा घेर ३० सेंटीमीटर व्यासाचा आणि डोके मिनिटाला ८,००० फेरे मारत असेल, तर दोरीच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १२५ मीटर, म्हणजे ताशी ४५० किलोमीटर होतो. त्या टोकाला लागलेली खडी कुठेही जाऊ शकते : डोळ्यात, गाडीच्या काचेत, ओट्यावर बसलेल्या नातवाच्या अंगावर. म्हणून :

• डोळ्यांना बाजूने बंद असलेला सुरक्षा चष्मा. नंबरचा चष्मा पुरत नाही, त्यावरून घाला.
• पायात बंद बूट, अंगात जाड फुल पँट. साडीचा पदर, ओढणी, लुंगी सैल ठेवून चालवू नये.
• चालू असताना १५ मीटरच्या आत कोणी नको. लहान मुले आणि कुत्रा घरात.
• डोक्यावरचे संरक्षक कवच काढू नका. ते नसलेली मशीन स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.
• अडकलेले गवत काढण्याआधी वायर काढा, बॅटरी काढा किंवा इंजिन बंद करा.
• आधी अंगणात एक फेरी मारून दगड, काच, तारा, प्लास्टिक उचला.

सापाचा मुद्दा पावसाळ्यात टाळता येत नाही. भारतात सर्वाधिक जीव घेणारे चार विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. उंच गवत, पालापाचोळा, विटांचा ढीग या त्यांच्या आवडत्या जागा. ट्रिमर लांबून गवत कापतो म्हणून तो विळ्यापेक्षा सुरक्षित, हे खरे. पण मशीनच्या आवाजात फूस ऐकू येत नाही, हेही खरे. कडेकडून सुरू करा, म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहते. सगळीकडून घेरत मध्यभागी जाऊ नका. संध्याकाळी, अंधारात कापू नका. साप चावलाच तर जखम कापणे, चोखणे, घट्ट आवळणे असले काही न करता तो भाग हलू न देता सरळ मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या.

नागपंचमीला चिरू नये, कापू नये, जमीन खणू नये, असे जुनी माणसे सांगत. त्या दिवशी मशीन आत ठेवली तर काही बिघडत नाही. गवत दुसऱ्या दिवशीही तेवढेच असते.

दोन गोष्टी ज्या दुकानदार सांगत नाही

पहिली, झाडाची साल. नवीन लावलेल्या आंब्याच्या, लिंबाच्या, शेवग्याच्या रोपाभोवतीचे गवत काढताना दोरी खोडाला लागते. वरवर ओरखडा दिसतो. पण सालीच्या आतल्या थरातूनच पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे जाते. खोडाभोवती पूर्ण गोल साल निघाली की मुळे उपाशी पडतात आणि झाड काही महिन्यांत वाळते. मालक कीड शोधत बसतो, दोष मशीनचा असतो. रोपाभोवती एक फुटाचे आळे हाताने साफ ठेवा, त्यात पालापाचोळा टाका आणि तिथे मशीन नेऊच नका. तुळशीवृंदावनाभोवतीही तेच.

दुसरी, गायीचा चारा. उज्जैनमध्ये कापलेले गवत दारावर येणाऱ्या गायीला घालण्याची सवय घरोघरी आहे. दोरीने कापलेल्या गवतात नायलॉनचे बारीक तुकडे असतात, कारण दोरी झिजूनच काम करते. ते तुकडे गायीच्या पोटात जाऊ नयेत. चाऱ्यासाठी वेगळा पट्टा राखा आणि तो विळ्यानेच कापा. दोरीने कापलेले गवत झाडाखाली आच्छादन म्हणून पसरा, आणि दोरीचे दिसणारे तुकडे वेचून कचऱ्यात टाका.

राज्य बदलले की गवतही बदलते

माळवा, विदर्भ, मराठवाड्यातली काळी माती ओली असताना चिकटते. मशीनच्या कवचात चिखल-गवताचा गोळा बसतो आणि मोटर दमते. तिथे दर पंधरा मिनिटांनी थांबून कवच साफ करणे आले. कोकण आणि गोव्यात जांभ्याचे खडे वर आलेले असतात, दोरी झपाट्याने झिजते आणि खडे उडतात. शिवाय उघडीप मिळत नाही, म्हणून वायरच्या ट्रिमरचा तिथे जून ते सप्टेंबर फारसा उपयोग नाही. काजू-आंब्याच्या बागांमध्ये ब्रश कटर दिसतो तो याच कारणाने. बेळगाव, चंदगडकडच्या लांबलेल्या पावसातही बॅटरी किंवा पेट्रोल बरे. पण बॅटरीचा ट्रिमरही भर पावसात चालवायचा नसतो, ओलसर गवतापर्यंतच त्याची मजल.

निगा : पावसाळा संपल्यावरचा अर्धा तास

दसऱ्याला अवजारांची पूजा असते. तोच दिवस मशीनच्या निगेचा धरला तर विसर पडत नाही.

वायरचा असेल तर कवच खरवडून साफ करा, वायरीला कुठे चीर पडली आहे का बघा. बॅटरीचा असेल तर बॅटरी काढून अर्धी चार्ज करून कोरड्या, थंड जागी ठेवा. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या कपाटात नको. उज्जैनचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो आणि लिथियम बॅटरीचे आयुष्य उष्णतेने घटते. दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज तपासा.

पेट्रोलचा असेल तर टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतली ओल ओढते. आठ महिने टाकीत पडलेले पेट्रोल कार्ब्युरेटर बिघडवते आणि जूनमध्ये मशीन सुरू होत नाही. टू-स्ट्रोकचे मिश्रण पुस्तिकेप्रमाणेच करा : २५ ला १ सांगितले असेल तर लिटरला ४० मिलिलिटर ऑइल, ५० ला १ असेल तर २०. अंदाजपंचे बाटली ओतून इंजिन जळाले तर वॉरंटी मिळत नाही. लागेल तेवढेच मिश्रण बनवा.

दुकानात विचारायचे आठ प्रश्न

१. या मशीनची दोरी, स्पूल आणि कवच सुटे मिळते का? इथेच मिळते की मागवावे लागते?
२. सर्व्हिस सेंटर गावात आहे की ५५ किलोमीटरवर इंदूरला?
३. वॉरंटी मशीनची किती आणि बॅटरीची किती? दोन्ही वेगळ्या असतात.
४. नवी बॅटरी आज घ्यायची झाली तर कितीला पडेल?
५. दांड्याची लांबी कमी-जास्त होते का? वाकावे लागले तर पाठ धरते.
६. चुकून बटण दाबले तर सुरू होऊ नये यासाठी कुलूप-बटण आहे का?
७. जीएसटीचे पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड मिळेल का?
८. चालवून दाखवाल का?

शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. आणि दुकानात मशीन हातात धरायची ती घरात जो चालवणार आहे त्याने. पुण्याहून मुलाने ऑनलाइन मागवलेली आठ किलोची मशीन वडिलांना उचलतच नाही, मग ती जिन्याखाली पडून राहते आणि गवत पुन्हा कमरेला लागते. पाच मिनिटे हातात धरून उभे राहा. खांदा भरून आला तर ती मशीन आपली नाही, मग किंमत कितीही कमी असो.

खरेदीची वेळही बघा. पाऊस सुरू झाल्यावर सगळेच दुकानात येतात. मे महिन्यात, गवत नसताना घेतली तर दाखवायला दुकानदाराला वेळ असतो आणि शिकायला आपल्याला. पहिली सवय रिकाम्या सुक्या पट्ट्यावर करा, गुलाबाच्या वाफ्याशेजारी नको. पहिला पाऊस पडून गवत चार बोटे झाले की सुरुवात करा आणि एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त हिरवळ कापू नका. दहा-बारा दिवसांनी थोडे थोडे कापत गेले तर छोटी मशीनही पुरते. महिना वाट बघून कमरेएवढे झाले की मोठी मशीनही अपुरी पडते.